नॉर्मंडीतल्या पत्रावळी

माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका पुस्तकात एक चूक आहे. ती त्यांनी एका मासिकात पत्र लिहून स्वतःच्या अंगावर घेतली. ती त्यांची नव्हती, माझी होती. खरं तर तिला चूक म्हणणंही बरोबर नाही, कारण मी खोटं बोललो होतो. वडिलांना जाऊन आता तीन वर्षं होत आली. ते असताना जे बोललो नाही ते आता लिहून काय होणार, असं स्वतःला सांगत मी ही तीन वर्षं काढली.

वडील पुण्यात मोजणी खात्यात कारकून होते. जमिनीचे जुने नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर उतरवणं, फाटलेल्या नोंदवह्या नव्या वह्यांत नकलून काढणं, हे त्यांचं काम. वाचनालयातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांना एका फ्रेंच कथाकाराच्या गोष्टी भेटल्या. पुस्तकाच्या मागच्या बाजूला लेखकाची थोडक्यात माहिती होती. हा माणूस पॅरिसमध्ये आरमाराच्या खात्यात साधा कारकून होता, त्याला साहेबाचा जाच होता, आणि कचेरीच्या कागदांवर तो गोष्टी लिहायचा. वडिलांनी ते पुस्तक दोनदा नूतनीकरण करून ठेवून घेतलं. नंतर म्हणाले, इंग्रजीतून वाचताना जाळीच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं. आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी फ्रेंचच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात बाकी सगळ्या कॉलेजच्या मुली. त्या वडिलांना काका म्हणायच्या. एकीनं विचारलं, काका, तुम्हाला पॅरिसला जायचंय का? वडील म्हणाले, "नाही गं, मला त्याच्या कचेरीत जायचंय." हे त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं तेव्हा आई हसून म्हणाली, एक कचेरी पुरत नाही का तुम्हाला. तेव्हापासून आमच्या घरात त्या लेखकाचं नाव 'कारकून' पडलं. "आज कारकुनाचं किती झालं?" असं आई विचारायची, आणि वडील बोटानं पान दाखवायचे.

त्या कारकुनाचं आयुष्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. त्याला एक गुरू होता, मोठा कादंबरीकार. तो सांगायचा की एखाद्या झाडाकडे इतका वेळ बघ, की ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याच झाडासारखं दिसेनासं होईल. मग लिही. आणि छापायची घाई करू नकोस. कारकून वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि गुरूला दाखवून फाडत राहिला. पुढे दहा-बारा वर्षांत त्यानं शेकडो गोष्टी लिहिल्या. शेतकरी, मोलकरणी, हिशेबी विधवा, त्याच्यासारखेच कारकून. वडील म्हणायचे, ह्याच्या गोष्टींत कुणी मोठं पाप करत नाही. कुणीतरी एक लहानशी गोष्ट करतं, जरा फुशारकी, जरा लपवाछपवी, आणि मग ती त्याला उभ्या जन्मात सोडत नाही. हे ते मला जेवताना सांगायचे आणि मी ताटातली आमटी संपवून पळायचो.

दुसरं एक वाक्य ते वारंवार म्हणत. "जे त्यानं पाहिलं नाही, ते त्यानं लिहिलं नाही." वडिलांच्या दृष्टीनं याहून मोठी स्तुती नव्हती. नकाशा उतरवणाऱ्या माणसाला ती तशी वाटणारच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अनुवाद सुरू केला. पहिली काही वर्षं फक्त कच्चे खर्डे होत राहिले. आई गेली, मग ते फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले, आणि कामानं वेग घेतला. तोवर मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला येऊन बरीच वर्षं झाली होती. एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, बायको, एक मुलगी, मागे लाकडी डेक असलेलं घर. एकदा बोलता बोलता मी म्हणालो की विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय आमच्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर आहे. वडिलांनी विचारलं, तिथे फ्रेंचचा मोठा कोश असेल का, अनेक खंडांचा? मी वेबसाइटवर बघितलं. होता. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, त्यांची यादी येऊ लागली.

यादी म्हणजे वहीच्या पानाचा फोटो. डावीकडे फ्रेंच शब्द, मग वाक्य, मग 'माझा तर्क', आणि उजवीकडे एक रिकामा रकाना. त्याच्या वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं, 'चिरंजीवांकडून'. दहा-बारा शब्द असायचे. बैलाच्या जुवाचा कुठला भाग, सायडरसाठी सफरचंदं दाबायच्या यंत्राचा दांडा, बायकांच्या टोपीचा एक प्रकार. पुण्यात त्यांच्याकडे असलेल्या कोशात हे शब्द नव्हते. फोनवर बघा की, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, फोन एकच अर्थ सांगतो, आणि तोही घाईत.

सुरुवातीला मी खरोखर जात होतो. हे लिहिताना ते सांगावंसं वाटतं, त्याचा उपयोग काही नसला तरी. बाहेरच्या लोकांना मिळतं ते कार्ड मी काढलं होतं. तिसऱ्या मजल्यावर ते तपकिरी खंड होते, एकेक उचलायला दोन हात लागायचे. मला फ्रेंच येत नव्हतं, म्हणून मी पानांचे फोटो काढून पाठवायचो, आणि वडील ते मोठे करून वाचायचे. मग फोन करून म्हणायचे, अरे, सातवा अर्थ, सातवा, तोच आपला. त्यांच्या आवाजात तेव्हा जो आनंद असायचा तो मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. असे पाच-सहा रविवार झाले असतील.

मग हिवाळा आला. मुलीच्या स्विमिंगच्या मीट, म्हणजे स्पर्धा, सुरू झाल्या, कधी वेस्ट विंडसरला, कधी त्याहून लांब. रविवार सकाळ गाडीत जाऊ लागली. एकदा लायब्ररी राहिली, तर मी अनुवादाच्या ॲपमध्ये शब्द टाकले आणि जे आलं ते रकान्याच्या क्रमानं लिहून पाठवलं. वडिलांनी विचारलं, पानाचा फोटो नाही पाठवलास? मी म्हणालो, आता तिथे फोटो काढू देत नाहीत. इतकं सहज तोंडातून गेलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. त्यानंतर पुस्तक निघेपर्यंत मी लायब्ररीत गेलो नाही.

एका यादीत शेवटी दोन शब्द होते. त्यापुढे वडिलांनी लिहिलं होतं, 'दोन्ही शब्द येतात. एक म्हणजे भोक किंवा खड्डा, दुसरा म्हणजे नॉर्मंडीचा. एकत्र काय?' गोष्टीत एका शेतकऱ्याच्या घरी लग्नाचं जेवण चाललं आहे, पदार्थांवर पदार्थ येत आहेत, आणि वाक्य एवढंच की पाहुण्यांनी ते केलं आणि पुन्हा जेवायला बसले. मी वेस्ट विंडसरच्या तरणतलावाबाहेर गाडीत बसलो होतो. ॲपनं 'नॉर्मन भोक' असं सांगितलं. मी 'नॉर्मंडी पद्धतीचा खड्डा' असं पाठवून दिलं. दोन मिनिटं आणखी शोधलं असतं तर फोनवरसुद्धा खरा अर्थ मिळाला असता. पण मुलीचा नंबर लागायचा होता आणि मी आत गेलो.

वडिलांचं समाधान झालं नाही. फोन करून म्हणाले, जेवता जेवता माणसं उठून खड्डा कशाला करतील? तू असं कर, तिथे फ्रेंच शिकवणारे कुणी प्राध्यापक असतील, त्यांना विचार. मी बरं म्हणालो. पुढच्या रविवारी त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"विचारलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. त्या क्षणी डोळ्यापुढे आलं ते आईच्या माहेरचं एक लग्न. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मांडवामागे खोल खड्डा खणलेला होता, पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी त्यात टाकायच्या, वर माती लोटायची, आणि मग पुढची पंगत बसायची. मी म्हणालो, ते म्हणाले तिकडे पद्धत होती, मोठ्या जेवणात मधेच अंगणात खड्डा करून खरकटं, हाडं वगैरे पुरायची, आणि मग पुढचं जेवण.

मला वाटलं, पकडलं. मग वडील हळूच म्हणाले, "अरे, म्हणजे आपल्या पत्रावळींसारखंच की." ते फारच हरखले होते. एवढ्या लांबचा, वेगळ्या धर्माचा शेतकरी, आणि परसात खड्डा तोच. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, प्राध्यापक कसे आहेत, वय काय. मी म्हणालो, म्हातारे आहेत. ते एवढ्यावर थांबले असते. मीच पुढे म्हणालो, मूळचे नॉर्मंडीचेच आहेत.

त्यानंतर यादीत काही अडलं की वडील लिहायचे, 'नॉर्मंडीच्या सरांना विचारणे.' नशिबानं असे शब्द थोडेच होते, आणि त्यांचे अर्थ मी नंतर इंटरनेटवर नीट शोधून दिले. ते सगळे बरोबर निघाले. फक्त तो एक मी कधीच परत तपासला नाही, कारण तपासला तर काय सापडेल याची मला भीती वाटत होती. म्हणजे मला तेव्हाच ठाऊक होतं.

पुस्तक निघालं. त्या दोन शब्दांवर तळटीप होतीच, पण वडिलांच्या मनोगतातलं जवळजवळ एक पान त्या खड्ड्यावर होतं. त्यांनी लिहिलं होतं की माणूस काय जेवतो ते देशागणिक बदलतं, पण उष्टं नजरेआड करून पुन्हा आनंदानं पानावर बसण्याची त्याची रीत एकच आहे, आणि वास्तववादी लेखक मोठा ठरतो तो अशा खड्ड्यांची नोंद ठेवतो म्हणून. खाली ऋणनिर्देशात 'अमेरिकेतील विद्यापीठात प्रत्यक्ष चौकशी करणारे माझे चिरंजीव' आणि 'नॉर्मंडीचे वयोवृद्ध प्राध्यापक' असे दोघांचे आभार होते. मला पाच प्रती आल्या. एकीवर पहिल्या पानावर फ्रेंचमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या, सरांसाठी. ती प्रत मी गॅरेजमध्ये पेंटच्या डब्यांमागे ठेवली.

आमच्या इथल्या मराठी मंडळानं एका शाळेच्या कॅफेटेरियात छोटा कार्यक्रम ठेवला आणि मला पुस्तकातलं काही वाचायला सांगितलं. मी मनोगतातलं तेच पान वाचलं. लोकांना फार आवडलं. एक काका समोसा हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, काय निरीक्षण आहे यार तुझ्या बाबांचं. मी थँक यू म्हणालो. त्याचा व्हिडिओ वडिलांना पाठवला. त्यांनी तो शेजाऱ्यांना दाखवला असं नंतर कळलं.

चार महिन्यांनी पुण्यातल्या एका मासिकात परीक्षण आलं. लिहिणारे फ्रेंच शिकवणारे गृहस्थ होते. अनुवादाची त्यांनी मनापासून स्तुती केली होती, पण शेवटच्या परिच्छेदात ती टीप धरली होती. जड जेवणाच्या मधे सफरचंदाच्या कडक दारूचा एक घोट घ्यायचा, म्हणजे पोटात पुढच्या पदार्थांना जागा होते. या घोटालाच तिकडे गमतीनं ते नाव आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. आणि पुढे एक वाक्य होतं. 'अनुवादकांनी नॉर्मंडीत पत्रावळी पुरल्या आहेत.'

वडिलांनी मला त्याचा फोटो पाठवला. मी घाबरत फोन केला, तर ते अगदी शांत होते. म्हणाले, हे गृहस्थ कोशातलं सांगतायत, आपल्याकडे प्रत्यक्ष तिथला माणूस आहे, दोन्ही अर्थ असू शकतात. त्यांनी संपादकांना तसं पत्रही लिहिलं होतं. संपादकांनी कळवलं होतं की त्या प्राध्यापकांच्या दोन ओळी मिळाल्या तर तुमचं पत्र सोबत छापू. वडिलांना त्या दोन ओळी हव्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं आयुष्यात एक पुस्तक केलं होतं, तेही जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही या नियमानं, आणि आता लोक म्हणत होते की यानं न पाहता लिहिलं. त्यांचं नाव राहणार की जाणार हे त्या दोन ओळींवर होतं.

मी त्या फोनवर सांगायला हवं होतं. मी म्हणालो, सर उन्हाळ्यासाठी फ्रान्सला गेलेत.

"हरकत नाही," वडील म्हणाले. "मी जूनमध्ये येतोच आहे. ते आल्यावर आपण मिळून भेटू."

ते आले. एअरपोर्टवरून घरी येताना त्यांनी गाडीतून विचारलं, लायब्ररी कुठल्या बाजूला? मी हातानं दाखवलं. पहिले दहा-बारा दिवस मी रोज काही ना काही कारण काढत राहिलो. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. सर खरेच आहेत असं तीही धरून चालली होती.

एका मंगळवारी मी ऑफिसात असताना तिचा मेसेज आला. 'बाबांना लायब्ररीत घेऊन आलेय. तुझ्या सरांचं नाव काय?' मी मीटिंगमध्ये होतो, पण मेसेज तेव्हाच वाचला होता. उत्तर दिलं नाही. पुढचा तासभर कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

तिथे काय झालं ते बायकोनं नंतर सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारपूस केली, फ्रेंचच्या विभागात फोन लावला. नॉर्मंडीचे कुणी म्हातारे प्राध्यापक तिथे नव्हते, पूर्वीही कुणाला आठवत नव्हते. बायको म्हणाली, दुसऱ्या कॅम्पसला असतील, थांबा, मी त्याला विचारते. वडील म्हणाले, "राहू दे. तो कोश मात्र बघू." तिनं खंड काढून दिला. वडिलांनी खिशातून भिंग काढलं. एकच पान ते तासभर वाचत होते, असं ती म्हणाली. मग त्यांनी सहज विचारलं, इथे फोटो काढू देतात का? तिनं काउंटरकडे बघितलं, तिथे एक विद्यार्थी पुस्तकाचे फोटो काढतच होता. ती म्हणाली, हो, का? त्यांनी भिंग परत खिशात ठेवलं.

मी घरी आलो तेव्हा सहा वाजले होते, उन्हं चांगली वर होती. वडील डेकवर मटार सोलत बसले होते. मी कपडे न बदलता त्यांच्यासमोर बसलो आणि दोन शेंगा उचलल्या. ते बराच वेळ सोलत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "पोटात रे. अंगणात नाही."

मी हातातली शेंग सोलली.

"जड जेवणात एक घोट घेतात. त्यानं पोटात जागा होते. ते भोक. मासिकातल्या गृहस्थांनी बरोबर लिहिलं होतं." मग म्हणाले, "तुला तेव्हा कामं फार होती ना?"

हा प्रश्न त्यांनी मला दिला होता. आज कळतं की त्यात कबूल करायची आणि निसटायची, दोन्ही वाटा होत्या. मी नाही म्हटलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "हो."

"असणारच," ते म्हणाले, आणि वाडगं घेऊन आत गेले. त्या प्राध्यापकांचा विषय त्यांनी त्यानंतर एकदाही काढला नाही.

दोन दिवसांनी डायनिंग टेबलवर बसून त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं आणि स्कॅन करून पाठवायला माझ्याकडे दिलं. अक्षर नेहमीसारखं, नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं. त्यात होतं की परीक्षकांनी दाखवलेली चूक मान्य आहे, संबंधित टीप व मनोगतातील मजकूर मी कोश न पाहता केवळ तर्काने लिहिला, वाचकांनी तो रद्द समजावा. शेवटी आणखी एक ओळ होती. मनोगतात ज्यांचा उल्लेख आहे त्या प्राध्यापकांचा व माझ्या चिरंजीवांचा यात काहीही दोष नाही.

असे कुणी प्राध्यापकच नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी त्यांना निर्दोष म्हणून छापायला दिलं, कारण त्यांना नाहीसं केलं असतं तर मी उघडा पडलो असतो. खोटं कसं लिहितात ते ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी आयुष्यात एकदाच लिहिलं, आणि ते माझ्यासाठी.

मी स्कॅनरसमोर उभा होतो. बायकोनं मागून येऊन पत्र वाचलं. तोवर तिनं सगळं जुळवलं होतं. ती नागपूरची आहे, चिडली की तिच्या बोलण्यात तिकडचं येतं.

"हे तू पाठवून राहिला?"

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांनी लायब्ररीत जायलाही सांगितलं होतं."

मी बटण दाबलं. ती तिथून निघून गेली आणि त्या संध्याकाळी वडिलांना घेऊन एकटीच तळ्याकाठी फिरायला गेली. त्या दोघांमध्ये यावर काही बोलणं झालं का, हे मी आजवर तिला विचारलेलं नाही. मुलीनं मला विचारलं होतं, आजोबा सॅड का आहेत? तिनं ते इंग्रजीत विचारलं, आणि मीही इंग्रजीत, ते थकलेत, असं सांगितलं.

वडील ठरल्यापेक्षा दीड महिना आधी परतले. तिकडे डोळे दाखवायचे आहेत म्हणाले. आणखी गोष्टींचा दुसरा भाग त्यांनी सुरू केला होता, म्हणून पहिल्या रविवारी मी फोन हातात घेऊन बसलो होतो. यादी आली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. मी नव्यानं लायब्ररीत जाऊ लागलो, कार्डाची मुदत वाढवून घेतली, आणि त्यांना तसं कळवलंही. त्यांनी 'छान' एवढं उत्तर पाठवलं. शेवटी मी विचारलं, बाबा, दुसऱ्या भागाचं काम कुठवर आलं? ते म्हणाले, कारकुनाचेही डोळे शेवटी गेले होते, आता बास.

कारकुनाचा शेवट मला माहीत होता. रक्तातला आजार, आधी नजर गेली, मग डोकं. चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. वडील ती हकिगत कधी पूर्ण सांगत नसत. माझ्या माहितीप्रमाणे वडिलांच्या डोळ्यांना फारसं काही झालं नव्हतं. ते रोज पेपर वाचत होते, शब्दकोडं सोडवत होते. फ्रेंच पुस्तकं मात्र त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत.

मी गेलो, सगळं केलं. तेराव्यानंतर त्यांच्या वाचनालयानं वरच्या मजल्यावर छोटी सभा ठेवली. पंधरा-वीस लोक असतील. बोलणाऱ्यांपैकी एकानं त्या पत्राचा उल्लेख केला. म्हणाले, शेवटच्या काळात त्यांच्या हातून एक टीप तर्कानं लिहिली गेली, पण ती जाहीर कबूल करण्याचा मोठेपणा त्यांच्यात होता. लोकांनी माना हलवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, आणि एवढ्या ट्रॅफिकमधून आपण आलात त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो.

जिन्यात एका गृहस्थांनी मला थांबवलं. पन्नाशीचे, हातात हेल्मेट. त्यांनी सांगितलं की ते परीक्षण त्यांनी लिहिलं होतं. ते माझ्या डोळ्यांकडे न बघता बोलत होते. म्हणाले, वाक्य सुचलं आणि मोह आवरला नाही, वर्गातल्या मुलांना हसवायची सवय असते ना. नंतर वडिलांचं पत्र वाचून त्यांना राहवेना. त्यांनी मूळ समोर ठेवून सगळं पुस्तक दुसऱ्यांदा ताडून बघितलं होतं.

"बाकी एक शब्द चुकलेला नाही हो. म्हणून विचारतो. असा माणूस कोश न बघता लिहील?"

जिन्यात आम्ही दोघंच होतो.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

त्यांनी हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाले, "दुसरा भाग ते करत होते असं ऐकलं होतं. माझ्या त्या वाक्यामुळे तर थांबवला नाही ना त्यांनी?"

मी म्हणालो, नाही, डोळ्यांमुळे. त्यांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला नमस्कार करून ते खाली उतरून गेले.

तेव्हापासून तेही ते ओझं वाहत असतील. हे लिहायला घेतल्यावर मी कुणाकडून तरी त्यांचा पत्ता मिळवला. ही पानं आधी त्यांना जातील, मग त्या मासिकाला. दुसरा भाग त्यांच्यामुळे थांबला नाही. वडिलांना शब्द विचारायला कुणी उरलं नव्हतं.